मागणीचा आकडा नेमका कुठे बदलायचा? पाणीपुरवठा मॉडेलिंगची प्रश्नोत्तरे

प्रश्न : ४०,००० लोकसंख्येच्या शहराचं मॉडेल ईपानेटमध्ये (पाणीपुरवठ्याच्या जाळ्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर) केलंय. माणशी १३५ लिटर, गळती १५ टक्के, पीक फॅक्टर (सर्वाधिक वापराच्या वेळचा प्रवाह सरासरीच्या किती पट) ३. रन केलं की निम्म्या नोडवर (पाइप जुळतात किंवा पाणी घेतलं जातं ते बिंदू) ऋण दाब येतो. पाइपचे व्यास तर पुरेसे वाटतात.

पीक फॅक्टर बहुतेक दोनदा लागलाय. ईपानेट नोडची मागणी तीन आकड्यांच्या गुणाकारातून काढतं: नोडची बेस डिमांड (सरासरी मागणी), त्या तासाचा पॅटर्नमधला (तासागणिक चढउताराच्या यादीतला) गुणक, आणि हायड्रॉलिक्स ऑप्शन्समधला डिमांड मल्टिप्लायर (सगळ्या नोडना लागणारा एकच गुणक). एक्सेलमध्ये नोडनिहाय वाटणी करतानाच ३ ने गुणलं आणि वर पॅटर्नमध्ये सकाळी सातला ३ लिहिलं, की मागणी नऊपट होते. हेझन-विल्यम्स सूत्रात घर्षणामुळे होणारी दाबाची घट प्रवाहाच्या १.८५२ घाताने वाढते, म्हणजे ही चुकून आलेली तिप्पट प्रत्येक पाइपमधली घट साडेसातपटीहून जास्त करते. मग कुठलाच व्यास पुरा पडत नाही.

बेस डिमांडमध्ये फक्त सरासरी भरा. चढउतार पॅटर्नमध्ये जाऊ द्या आणि त्यातल्या २४ गुणकांची सरासरी १ येते का ते बघा. मल्टिप्लायर १ वर ठेवा. ‘मागणी सरसकट १० टक्के वाढली तर काय’ एवढं पाहण्यापुरताच त्याला हात लावा.

आता तुमचे आकडे. ४०,००० × १३५ म्हणजे ५.४ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), सेकंदाला ६२.५ लिटर. गळती १५ टक्के धरताना बरेच जण १.१५ ने गुणतात. पण टक्का सोडलेल्या पाण्यावरचा असतो, म्हणून ०.८५ ने भागायचं: ६.३५ एमएलडी, सेकंदाला ७३.५ लिटर. या ७३.५ ला ३ ने गुणलं तर २२०.६ येतात, पण गळकं जोड सकाळी सातला तिप्पट गळत नाही. वापर ६२.५ × ३ = १८७.५ आणि गळती ११ घेतली तर १९८.५ होतात. हे २२ लिटर मुख्य वाहिनीचा व्यास एका पायरीने बदलू शकतात. त्यासाठी नोडच्या ‘डिमांड कॅटेगरीज’मध्ये दोन ओळी करा: घरगुती वापर चढउताराच्या पॅटर्नवर आणि गळती सपाट पॅटर्नवर.

रन झाल्यावर आधी दाब बघू नका. उगमातून २४ तासांत एकूण किती पाणी गेलं ते बघा. ते ६.३५ च्या आसपास नसेल तर दाबाच्या आकड्यांना अर्थ नाही.

प्रश्न : आयएनपी फाईल (ईपानेट मॉडेलची मजकूर फाईल) नोटपॅडमध्ये उघडून जंक्शन्सच्या (नोडच्या यादीच्या) रकान्यात नवी मागणी पेस्ट केली. निकालात काहीच फरक पडला नाही.

त्याच फाईलमध्ये खाली डिमांड्स नावाचा वेगळा विभाग आहे. तिथे त्या नोडची ओळ असेल, तर जंक्शन्समधला आकडा वाचलाच जात नाही. कॅटेगरी एकदा तयार केली की ही ओळ येते. नवे आकडे तिथेच टाका. आणि आकडे कोणत्या एककात आहेत ते तपासा: खिडकीतल्या ऑप्शन्समध्ये एमएलडीचं एलपीएस (लिटर प्रति सेकंद) केलं, तरी आधी भरलेले आकडे आपोआप रूपांतरित होत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे झोनला दिवसातून दोन तास पाणी सोडतात. उन्हाळ्यात एक दिवसाआड. मागणी कशी दाखवायची?

आपल्या बहुतेक नगरपरिषदांची खरी स्थिती हीच, आणि बहुतेक मॉडेलं मात्र चोवीस तासांची.

आधी सरळ हिशेब. ५,००० लोकांचा झोन, माणशी १३५ लिटर, म्हणजे ६.७५ लाख लिटर. सरासरी ७.८ एलपीएस. हेच पाणी दोन तासांत द्यायचं तर ९३.७५ एलपीएस. पॅटर्नमध्ये सोडण्याच्या दोन तासांना १२ आणि उरलेल्या बावीस तासांना ०. इथे पुन्हा ३ चा पीक फॅक्टर लावू नका, तो या १२ मध्ये आलाच. एक दिवसाआडसाठी ४८ गुणकांचा पॅटर्न करा: लोक दोन दिवसांचं पाणी भरून ठेवत असतील तर त्या दोन तासांना २४. एकूण कालावधीही ४८ तास करा. तो २४ वरच राहिला तर मॉडेल पहिलाच दिवस दाखवेल, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचं रोटेशन आहे ते झोन कोरडे दिसतील.

एवढं करूनही निकाल खोटा वाटेल. नेहमीच्या पद्धतीत मागणी ठरलेली असते, दाब असो वा नसो, सॉफ्टवेअर ती ओढून घेतंच. टेकडीवरच्या नोडवर उणे २० मीटर दाब दाखवूनही तिथे पूर्ण पाणी पोचल्याचं लिहितं. प्रत्यक्षात तिथे नळ फुसफुसतो.

ईपानेट २.२ मध्ये (२०२०) दाबावर अवलंबून मागणीची सोय आली. हायड्रॉलिक्स ऑप्शन्समध्ये डिमांड मॉडेल ‘पीडीए’ करा, मिनिमम प्रेशर ०, रिक्वायर्ड प्रेशर ७ मीटर, घातांक ०.५. सात मीटर हा सीपीएचईईओच्या (केंद्र सरकारची पाणीपुरवठ्याची तांत्रिक संस्था) १९९९ च्या मॅन्युअलमधला एकमजली घरांसाठीचा किमान दाब, दुमजलीला १२ घ्या. रिक्वायर्ड प्रेशरचा मूळ आकडा ०.१ असतो. तो तसाच राहिला तर पीडीए लावूनही निकाल जवळपास जुनाच येतो, आणि ही चूक हमखास होते. ७ मीटरच्या हिशेबात १.७५ मीटर दाबाला निम्मी मागणी पुरी होते, कारण ०.२५ चं वर्गमूळ ०.५.

पीडीएची एक मर्यादा आहे. नोडला पूर्ण मागणीपेक्षा जास्त पाणी ते कधीच देत नाही. सखल भागातलं घर मात्र नळ उघडा ठेवून जमिनीखालची टाकी भरतं, वर मोटर लावतं, आणि हिश्श्याहून जास्त घेतं. ते दाखवायचं तर अशा नोडवर एमिटर (दाबानुसार पाणी सोडणारं तोंड) ठेवा आणि तिथली बेस डिमांड काढून टाका. ७ मीटर दाबाला २ एलपीएस जात असतील, तर गुणांक २ भागिले ७ चं वर्गमूळ, म्हणजे ०.७६. एमिटरला पॅटर्नही लागत नाही आणि डिमांड मल्टिप्लायरही नाही. म्हणून झोनच्या मुखाशी असलेला पाइप कंट्रोल लिहून उघडावा-मिटावा लागतो, व्हॉल्व्हमन करतो तसाच. नाहीतर एमिटर रात्रभर वाहून जलकुंभ रिकामा करेल.

प्रश्न : पंढरपूरच्या आषाढीसारख्या यात्रेची परिस्थिती तपासायची आहे. मल्टिप्लायर १.५ केला तर चालेल का?

नाही. त्याने सगळ्या शहराची मागणी दीडपट होईल, अगदी जिथे एकही दिंडी उतरत नाही त्या कॉलनीचीसुद्धा. गर्दी मात्र ६५ एकरचा तळ, प्रदक्षिणा मार्ग, मठ आणि टँकर भरण्याची ठिकाणं इथेच एकवटते. त्या नोडवर ‘यात्रा’ नावाची वेगळी कॅटेगरी जोडा. समजा तळावर एक लाख माणसं आणि माणशी १५ लिटर धरले, तर १५ लाख लिटर, सरासरी १७.४ एलपीएस. पॅटर्नचा जोर पहाटे तीनपासून ठेवा, घरगुती वापरासारखा सातला नको.

टँकरचा भरणा वेगळा दाखवा. १०,००० लिटरचा टँकर दहा मिनिटांत भरला तर १६.७ एलपीएस, म्हणजे एक टँकर पूर्ण तळाच्या सरासरीइतका प्रवाह ओढतो. तासाच्या टप्प्यात हा झटका दिसत नाही, म्हणून पॅटर्न टाइम स्टेप (एका गुणकाचा कालावधी) १५ मिनिटांवर, गरज पडली तर १० वर आणावा लागतो. इथे जपून. ईपानेटमध्ये टाइम स्टेप सगळ्या पॅटर्नना एकच असतो. १:०० चं ०:१५ केलं की जुना २४ गुणकांचा घरगुती पॅटर्न सहा तासांत संपतो आणि दिवसातून चारदा फिरतो. सकाळची गर्दी चार वेळा आलेली दिसते. आधी प्रत्येक गुणक चारदा लिहून पॅटर्न ९६ चा करा, मगच टाइम स्टेप बदला.

प्रश्न : वॉटरजेम्समध्ये (असंच दुसरं सॉफ्टवेअर) २०५५ ची सिनारिओ (तपासायची परिस्थिती) तयार करून मागणी बदलली, तर आजच्या सिनारिओतही तीच आली.

नवी सिनारिओ केली, नवी डिमांड अल्टरनेटिव्ह (मागणीच्या आकड्यांचा वेगळा संच) केली नाही. सिनारिओ ही फक्त अल्टरनेटिव्हची मोळी असते. दोन्हींना एकच डिमांड अल्टरनेटिव्ह जोडलेली असेल, तर बदल दोन्हीकडे होणारच. मूळ अल्टरनेटिव्हखाली चाइल्ड तयार करा, ती २०५५ च्या सिनारिओला जोडा, सिनारिओ चालू करा आणि मग आकडे बदला. बदललेले नोड तेवढे स्वतंत्र होतात, बाकीचे मूळ अल्टरनेटिव्हकडून येत राहतात.

कॅल्क्युलेशन ऑप्शन्समधून मागणीला गुणक लावला असेल, तरी तोच सापळा. दोन सिनारिओ एकच ऑप्शन्स वापरत असतील, तर गुणक दोन्हींना लागतो. शिवाय तो फक्त गणनेच्या वेळी लागतो, नोडवर लिहिलेली मागणी जुनीच दिसते. सहा महिन्यांनी फाईल उघडणाऱ्याला हा फरक कुठून आला ते कळत नाही. ऑप्शन्सची वेगळी प्रत करून तिला ‘२०५५ गुणक १.४’ असं स्पष्ट नाव द्या.

ईपानेटमध्ये एवढी सोय नाही. तिथे एक्स्पोर्टमधून ‘सिनारिओ’ निवडून मागणीची वेगळी फाईल ठेवता येते आणि लागेल तेव्हा इम्पोर्ट करता येते. वाढ भागानुसार वेगळी असेल, आणि ती असतेच (गावठाण थांबलेलं, बायपासकडची वस्ती तिप्पट), तर नोडना टॅग द्या आणि ग्रुप एडिटमध्ये टॅगनुसार बेस डिमांड गुणा.

प्रश्न : मॉडेलमध्ये एका चौकात १८ मीटर दाब येतो, प्रत्यक्ष गेज ९ दाखवतो. मल्टिप्लायर १.८ केल्यावर आकडा जुळला. हे कॅलिब्रेशन (मॉडेल प्रत्यक्षाशी जुळवणं) मान्य होईल का?

होऊ नये. १.८ पट प्रवाहाला घर्षणाची घट जवळपास तिप्पट होते. त्यामुळे कुठलाही एक गेज जुळवता येतो, आणि बाकीचे बिघडतात.

आधी जलकुंभाच्या बाहेर पडणाऱ्या वाहिनीवरचा मीटर आणि मॉडेलचा प्रवाह जुळवा. प्रवाह जुळतो आणि दाब जुळत नाही, तर दोष मागणीच्या एकूण आकड्यात नाही. बऱ्याचदा एखादा स्लुइस व्हॉल्व्ह (वाहिनी उघडायचा-मिटायचा व्हॉल्व्ह) बराचसा मिटलेला निघतो, आणि तोच दाब खातो. व्हॉल्व्हमनला विचारा, टोकापासून टाकीकडे एकेक गेज लावत या, घट अचानक जिथे दिसेल तिथे खणा. नोडची उंची उपग्रहाच्या नकाशावरून घेतली असेल तर काही मीटरची चूक तिथेच असू शकते. म्हणून गेज लावलेल्या नोडची पातळी ऑटो लेव्हलने (उंची मोजण्याचं सर्वेक्षण यंत्र) घ्या, आणि गेज जमिनीपासून किती उंचीवर होता तेही लिहून ठेवा.