ब्रेडन वॉटरमध्ये बोट रुतली तर?

प्रश्न : इंग्लंडच्या नॉरफोक ब्रॉड्समध्ये (नद्या-तलावांच्या जाळ्यात) भाड्याची बोट स्वतः चालवायची आहे. ग्रेट यार्मथजवळ बोटी गाळात रुतून बसतात म्हणे. तसं झालं तर काय करायचं?

उत्तर : ती जागा म्हणजे ब्रेडन वॉटर ही खाडी. भरतीला अथांग तलावासारखी दिसते, पण खोल पाणी फक्त लाल-हिरव्या खांबांच्या मधल्या पट्ट्यात असतं. वळण ‘कापायला’ गेलं की बोट रुतलीच.

रुतल्याबरोबर गिअर न्यूट्रलला आणा. मग थोडाच वेळ हलकं रिव्हर्स. माणसांना रुतलेल्या टोकापासून दूर, दुसऱ्या टोकाला बसवा. इंजिन रेटू नका. नदीच्या पाण्यावर थंड होणारं इंजिन गाळ ओढून घेतं आणि तापतं. दोन-तीन मिनिटांत सुटली नाही तर थांबा. ओहोटी चालू असेल तर पाणी परत तेवढं चढायला कित्येक तास लागतात. उधाणाच्या ऐन भरतीला रुतलात तर अधिक वाईट, कारण पुढची भरती तेवढी चढेलच असं नाही.

सगळ्यांना लाइफ जॅकेट घाला, गॅस बंद करा, बोटवाल्याला कळवा. बोटीत पाणी शिरत असेल, ती कलत असेल किंवा कोणी आजारी असेल, तर 999 हा तिथला आपत्कालीन नंबर लावून ‘कोस्टगार्ड’ मागा. लाइफबोट माणसांना वाचवायला येते. बोट भरतीपर्यंत तिथेच राहू शकते. चिखलात मात्र कधीही उतरू नका, अगदी किनारा जवळ दिसला तरी. वजनाचा नांगर (दोरीला बांधलेलं जड वजन) टाकून ठेवा, म्हणजे चढतं पाणी बोटीला आणखी आत ढकलणार नाही.