धाकट्याची जबाबदारी आणि मनातला जोडीदार

‘माझ्या नात्यामुळे धाकट्याचे काही वाईट तर होणार नाही ना?’ हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात समलिंगी तरुणांकडून अनेकदा ऐकायला मिळतो, कारण आईवडिलांच्या माघारी भावंडांना सांभाळणारा मोठा भाऊ खान्देशात गावोगावी दिसतो. अमळनेर तालुक्यातील सागरची हकिकत त्याच्या संमतीने, नावे व ओळखीचे तपशील बदलून, येथे मांडते आहे.

सागर सत्तावीस वर्षांचा, एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम करणारा. धाकटा ओम नववीत. भुसावळला नोकरी करणारा सागरचा जोडीदार किरण रविवारच्या गाडीने अमळनेरला येई, ओमचे बीजगणित घेई आणि संध्याकाळी परत जाई. दिवसभर सगळ्यांची काळजी वाहिल्यावर रात्री ‘तू जेवलास का’ असे आपल्याला विचारणारा हा एकच माणूस आहे, असे सागर सांगत असे. ओमच्या दृष्टीने मात्र तो दादाचा मित्र होता.

श्रावणात कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणासाठी भाऊबंद जमले. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या माणसांच्या नावाने गहू मोजले जात असताना ओम सहज म्हणाला, “काकू, किरणदादाच्या नावाची पण मूठ टाका ना.” रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, त्यामुळे काकूंचा हात थांबला. पुढे काकांनी सागरला बाजूला घेतले आणि लग्न करायचे नसेल तर ओमला आमच्याकडे पाठव, शिवाय एखाद्या डॉक्टरला दाखवून घे, असे बजावले. घाबरून सागरने किरणला येऊ नकोस म्हणून सांगितले, आणि त्यानंतर ओमचे जेवण आणि अभ्यास दोन्ही बिघडले तेव्हा तो माझ्याकडे आला.

ओमशी मी स्वतंत्रपणे बोलले. बराच वेळ तो वहीच्या कडा दुमडत राहिला आणि मग म्हणाला, “मी मुठीचं बोललो म्हणूनच ते येत नाहीत ना?”

धाकट्याला जपण्यासाठी केलेल्या लपवाछपवीचा दोष धाकट्यानेच स्वतःकडे घेतला होता. समलिंगी जोडप्यांच्या घरी वाढलेल्या मुलांचे अनेक वर्षे अभ्यास झाले आहेत आणि मुलांची वाढ पालक कोणावर प्रेम करतो यापेक्षा घरातील स्थैर्य व जिव्हाळा यांवर अवलंबून असते, असेच त्यांतून दिसते. मीही माझ्या कामात वेगळे पाहिलेले नाही.

ओमला काय सांगायचे, यावर आम्ही बराच वेळ घालवला. माझ्या खोलीत नको, घरी सांग, एकाच बैठकीत सगळे उरकू नकोस, आणि गुपित सांभाळण्याचे ओझे त्याच्यावर टाकू नकोस, एवढे मी सुचवले. कोणी खोदून विचारले तर ‘दादाला विचारा’ हे उत्तर त्याला पुरेसे होते. रात्री भांडी घासता घासता सागरने सांगितले की किरणवर माझे प्रेम आहे आणि तो येईनासा झाला त्यात तुझी काही चूक नाही. ओमने पहिला प्रश्न विचारला तो शाळेचा: आपल्याला भुसावळला जावे लागेल का, आणि दहावी कुठे करायची?

काकांच्या धमकीला मात्र केवळ जिव्हाळ्याने उत्तर देता येत नव्हते. वडिलांच्या शेताच्या सातबाऱ्यावर ओमच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीनाचा पालक) म्हणून काकांचे नाव होते आणि त्यामुळे ओमवर त्यांचाच हक्क आहे, असे सागर धरून चालला होता. त्या नोंदीने मुलाचा ताबा ठरत नाही; तसे पाहता मोठा भाऊही कायद्याने आपोआप पालक होत नाही, म्हणून 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करणे श्रेयस्कर. न्यायालय मुलाचे हित पाहते आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेऊ शकते. त्याच कायद्यात पालकाच्या चारित्र्याचाही उल्लेख असल्याने वकिलापासून काही लपवू नये, असे मी सागरला स्पष्ट सांगितले. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, तरी 2023 मध्ये त्याच न्यायालयाने विवाहाची मान्यता नाकारल्यामुळे किरणला या घरात कायदेशीर स्थान नाही. डॉक्टरला दाखवण्याच्या सल्ल्याबाबत काकांना मी स्वतः फोनवर सांगितले की समलैंगिकता हा आजार नाही, आणि तो ‘बरा’ करण्याचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहेत. त्यांना ते पटले असे म्हणता येणार नाही.

अर्ज दाखल झाला आहे. किरण पुन्हा रविवारी येतो. भुसावळला एकत्र राहण्याचा निर्णय ओमच्या दहावीनंतर घ्यायचे ठरले आहे. किरणला ही मुदत फार लांब वाटते, आणि सध्या आमच्या बैठकांत तिघांचे बोलणे बहुतेक त्याच विषयावर चालते.