दिवाळीत फटाक्यांच्या आवाजापासून घरातल्या कुत्र्याला कसं जपावं?

आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावून घ्या, टीव्ही चालू ठेवा, दिवस मावळायच्या आत फिरवून आणा. हे तुम्हाला कुणीही सांगेल, आणि बरोबरच आहे. पण त्या आतल्या खोलीत काय काय ठेवलंय, हे कुणी विचारत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं.

मी सांगलीचा, विश्रामबागेतला. बहीण तासगावात दिलेली. दाजींची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. दिवाळीच्या तोंडावर बेदाण्याचे सौदे बंद असतात, त्यामुळं दाजी मोकळे. दरवर्षी स्वतः गाडीवरनं पाच किलोची पिशवी घेऊन येतात. हिरवा, लांबडा, एक नंबर माल. तीन वर्षांमागं आईनं ती पिशवी कॉटखाली सरकवली. लक्ष्मीपूजनाला गल्लीत माळा सुरू झाल्या तसं बंड्याला आम्ही त्याच खोलीत कोंडलं. बंड्या गावठी, चौदा किलोचा. आवाज नाही म्हणजे झोपला असेल, असं धरून आम्ही फराळाला बसलो. दहाला दार उघडलं तर पिशवी फाटलेली, पावशेरभर बेदाणा गायब, आणि साहेब शेपटी हलवतायत.

बेदाणा कुत्र्याला विषारी असतो. द्राक्षही. मूत्रपिंडं निकामी होतात. मी डॉक्टरांना फोन लावला, मागनं दाजी (ते मुक्कामाला होते) म्हणतायत, "बेदाण्यानं कुत्रं मरतं व्हय? मग तासगावात एक कुत्रं राहिलं नसतं!" घरात सगळे हसले. मी एकटाच बंड्याला उचलून रिक्षात बसलो. दवाखाना बंद होता, डॉक्टर पूजा आटोपून आले. उलटीचं इंजेक्शन दिलं, फुगलेले बेदाणे पडले, मग कोळशाचं औषध, आणि पुढं तीन दिवस सलाईन. दुसऱ्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंडं बिघडली की हे वाढतं) 2.6. ते खाली यायला आठवडा गेला.

आता दाजींच्या मुद्द्याचं. सगळ्याच कुत्र्यांना बाधत नाही, हे खरं. एक वाटीभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं मूठभर खाऊन जातं, आणि आपलं कुठलं हे आधी कळत नाही. टार्टरिक आम्लामुळं हे होत असावं, असं अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी 2021 मध्ये मांडलं. ते आम्ल द्राक्षात असतं, चिंचेतही असतं. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो, हे गणित मला दाजींनीच शिकवलंय. मग त्यातलं आम्ल जातं कुठं? आणि शेडवरचं कुत्रं मेलं तर त्याचं रक्त कोण तपासतं? 'म्हातारं झालं होतं' म्हणायचं आणि बांधाला पुरायचं.

तुमचं कुत्रं असं काही खाऊन बसलं तर लक्षणांची वाट बघू नका. उलटी करवायची ती पहिल्या दोन-तीन तासांत, आणि डॉक्टरांनीच. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानंही कुत्री मरतात. चिवड्यातला बेदाणा तुम्ही वेचून काढाल, पण पाहुण्यांची पोरं खाली सांडतात तो कोण वेचणार? चॉकलेट आणि कांदा-लसूणही नको.

फटाक्यांचं राहिलंच. फार थरथरत असेल तर भीती कमी करणारी गोळी मिळते. दिवाळीच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. माणसांची झोपेची गोळी मात्र देऊ नका.

दाजी अजूनही म्हणतात, "फटाक्याला भ्यालं म्हणून ओकलं ते." रक्ताच्या रिपोर्टचा फोटो मी त्यांना तेव्हाच पाठवला होता. निळी टिक आली, उत्तर अजून नाही. पण पिशवी आता ते थेट माझ्या हातात देतात, आणि मी ती माळ्यावर टाकेपर्यंत दारातच उभे राहतात.