बायोफ्लॉक टाकीत अमोनिया वाढल्यास चुना टाकू नये

प्रश्न : १० हजार लिटरच्या बायोफ्लॉक टाकीत (जिवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, वाढवून त्यांच्याकरवी पाण्यातला अमोनिया पचवणारी टाकी) तिलापिया मासे आहेत. एकूण अमोनिया नायट्रोजन (पाण्यातल्या विषारी व बिनविषारी अशा सगळ्या अमोनियाचे माप) लिटरला २ मिलिग्रॅमवर गेले असून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. विक्रेत्याने चुना, दुप्पट प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंचे औषध) आणि संध्याकाळी किलोभर गूळ सांगितला आहे. शेजारच्या टाकीत कोळंबी आहे. अनुदान मिळेल काय?

उत्तर : यातले काहीही सांगितले तसे करू नये. चुन्याने सामू (पीएच) चढतो आणि सामू चढला की आहे तोच अमोनिया विषारी होतो. पाण्याचे तापमान २५ अंश आणि सामू ७ असताना त्याचा एक टक्काही भाग विषारी रूपात नसतो. सामू ८ ला सुमारे ५ टक्के, तर ९ ला सुमारे ३६ टक्के असतो. अमोनिया तपासायच्या किटवरचा आकडा तसाच राहतो, मासे मात्र मरतात, आणि मग विक्रेता 'रोग आला' म्हणून दुसरी बाटली हातात देतो. हा क्रम मी अनेक टाक्यांवर पाहिला आहे.

गूळ योग्यच आहे, कारण तो खाऊन जिवाणू अमोनिया पचवतात. चुकली आहे ती मात्रा आणि वेळ. आपल्या टाकीत २० ग्रॅम अमोनिया नायट्रोजन आहे व दर ग्रॅमला १५ ते २० ग्रॅम गूळ लागतो, म्हणजे एकूण ३०० ते ४०० ग्रॅम पुरे. तेवढा अमोनिया पचवताना जिवाणू सुमारे ९४ ग्रॅम प्राणवायू वापरतात, आणि २५ अंशाला आपल्या टाकीतल्या सगळ्या पाण्यात जेमतेम ८० ग्रॅम मावतो. म्हणून गूळ तीन दिवसांत विभागून, सकाळी ऊन चढल्यावर, पाण्यात विरघळवून द्यावा. संध्याकाळी देऊ नये. पहाटे प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर त्या दिवशी सकाळीही देऊ नये.

आज खाद्य पूर्ण बंद ठेवावे, चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारा पंप) क्षणभरही थांबवू नये. जिवाणूंना प्राणवायूच अपुरा असताना दुप्पट प्रोबायोटिक ओतणे म्हणजे पैसे ओतणे. अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) लिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल, तर खाण्याचा सोडा थोडा थोडा द्यावा, चुना नव्हे.

मूळ दोष बहुधा खाद्यात असतो. खाद्यातल्या नायट्रोजनचा साधारण चौथा भागच माशाच्या अंगी लागतो, उरलेला पाण्यात जातो. म्हणून मी प्रत्येकाला वहीचा आग्रह धरतो : पहाटेचा प्राणवायू, सामू, अमोनिया, मोजणीच्या शंकूत तळाशी बसलेला फ्लॉक आणि दिलेले खाद्य. वही नसलेल्या टाकीवर सल्ला देणे म्हणजे अंदाज बांधणे होय.

कोळंबीच्या टाकीत फ्लॉक लिटरला १५ मिलिलिटरवर जाऊ देऊ नये, कारण तो कल्ल्यांत अडकतो; कात टाकण्याच्या काळात तिला प्राणवायूही अधिक लागतो. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान ही बंदी असलेली प्रतिजैविके असलेले कोणतेही औषध, कोणीही दिले तरी, टाकीजवळ आणू नये.

अनुदानाचे निकष मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावेत आणि मंजुरीपूर्वी खरेदी करू नये. अंदाजपत्रकात जनरेटर अवश्य धरावा, कारण भरगच्च टाकीत वीज गेल्यावर मासे तासभरही तग धरत नाहीत.