अर्काआधी तेलाचं बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा सिनॉप्सिस वाचला. वारंवार तापवलेलं तेल उंदरांना खायला घालायचं, जोडीला शेवग्याच्या पानांचा अर्क द्यायचा आणि किडन्या वाचतात का ते बघायचं. विषय चांगला आहे, पण गट अपुरे पाडलेस. ताज्या तेलाचा गट कुठे आहे? तो नसेल तर बिघाड तापवण्याने झाला की नुसत्या जादा चरबीने, हे कसं सांगशील? नुसत्या अर्काचाही गट हवा. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या चिनी औषधांत चुकून ॲरिस्टोलोकिया गेली आणि कित्येक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. तीही वनस्पतीच होती.

आणखी एक गट घाल. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा: काही आठवडे तापवलेलं तेल, मग ते बंद करून ताजं. अर्क त्याहून सरस ठरला, तर बोलण्यासारखं काही हाती लागेल. नाहीतर कढईतलं तेल बदला म्हणणं स्वस्त पडतं.

‘वारंवार तापवलेलं’ एवढ्यावर भागणार नाही. तापमान किती, किती वेळ, किती खेपा, मध्ये काय तळलं, सगळं लिही. बटाटा तळला की त्याचं पाणी तेलात उतरतं आणि तेल वेगळ्या वाटेने खराब होतं. दर खेपेला टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडताना त्यात साठत जाणारे घटक, मोज. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. तुझं तेल त्याच्या अलीकडे की पलीकडे, हे कळल्याशिवाय गाडीवरच्या वड्याशी त्याचा संबंध लावू नकोस.

मॅलॉनडायअल्डिहाइड, कॅटालेज या ऑक्सिडेशनचा मारा दाखवणाऱ्या चाचण्या सगळेच करतात, तूही कर. रक्तातल्या क्रिएटिनिनवर मात्र विसंबू नकोस. किडनीचं जवळपास निम्मं काम गेलं तरी ते जागचं हलत नाही. लघवीतली प्रथिनं बघ. किडनीची स्लाइड वाचणाऱ्याला गट कळू देऊ नकोस.

उंदराला (रॅटला) किलोमागे ४०० मिलिग्रॅम म्हणजे, नुसत्या वजनाच्या नव्हे तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने, ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे ४ ग्रॅम अर्क. पाला नव्हे, अर्क! म्हणून ‘आहारात समावेश करावा’ हे शेवटचं वाक्य आजच खोड. पोटॅशियम कमी खाण्याचं पथ्य सांभाळणारा किडनीचा रुग्णही ते वाचेल.

गट वाढले की उंदीर वाढतील आणि एथिक्स कमिटी संख्येचा हिशेब मागेल. तो मांडून मसुदा आधी मला पाठव.