‘मोअर बेटर’चा बोर्ड

बाई, नमस्कार. नागपुरात नंदनवनकडे माझं छोटं सावजी भोजनालय आहे. दिवाळीआधी बोर्ड नवा रंगवला. वर मराठीत ‘सर्वात स्वादिष्ट जेवण’ अन् खाली इंग्रजीत ‘मोअर बेटर टेस्ट, मोस्ट चीपेस्ट रेट’. पोरगी दहावीत आहे. ती म्हणते, बाबा, खालचं दोन्ही चूक. पेंटर म्हणतो, इतकी वर्षं हेच लिहून राहिलो, कोणी काही म्हटलं नाही. कोणाचं ऐकू? अन् अख्खा बोर्ड पुन्हा रंगवावा लागेल का?
– भोजनालय चालक

पोरीचं ऐका जी. बोर्ड मात्र अख्खा रंगवू नका, उपाय खाली सांगते.

पेंटरवर रागावू नका. तो इंग्रजी लिहितो, पण तुलना मराठीत करतो. आपल्याकडे तुलना करताना विशेषण जागचं हलत नाही. रस्सा तिखट असतो, कालच्यापेक्षा तिखट असतो, नाहीतर सगळ्यात तिखट असतो. बदललं ते ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यात’. ‘तिखट’ला कोणी हात लावला नाही. इंग्रजीत तुलनेची खूण शब्दाच्या पोटात शिरते: चीप, चीपर, चीपेस्ट. शब्द लांबलचक असला की ती दाराबाहेर उभी राहते: मोअर एक्स्पेन्सिव्ह, मोस्ट एक्स्पेन्सिव्ह. आत तरी असेल, नाहीतर बाहेर. आपल्या कानाला ‘जास्त’ किंवा ‘सगळ्यात’ ऐकू आल्याशिवाय तुलना झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून ‘चीपेस्ट’ लिहिणाऱ्याचा हात पुन्हा ‘मोस्ट’कडे जातो. सुनेनं मीठ घातलेल्या रश्श्यात सासूनं येऊन परत चिमूटभर टाकावं, तसं होतं ते.

कोणता शब्द आत आणि कोणता बाहेर, हे मी वर्गात टाळ्या वाजवून शिकवायची, उच्चाराच्या एका तुकड्याला एक टाळी. हॉट, टॉल, चीप यांना एकच टाळी पडते, तिथे ई-आर आणि ई-एस-टी शेपटीला लावायचे. ब्यूटिफुल, एक्स्पेन्सिव्ह यांना तीन टाळ्या, तिथे मोअर आणि मोस्ट. दोन टाळ्यांचे शब्द जरा लबाड असतात. वायने संपणारे टेस्टी, हॅपी, स्पायसी शेपटीवाल्यांच्या घरात जातात आणि त्यांचा वाय जाऊन आय येतो. केअरफुल, फेमस यांना मोअर लागतं. क्लेव्हर आणि सिंपल दोन्ही घरी जेवतात. गुड आणि बॅड कोणाचंच ऐकत नाहीत; गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट असा त्यांचा वेगळाच संसार. ‘बेटर’मध्ये ‘मोअर’ आधीच मुरलेलं आहे.

तेव्हा पेंटरला बोलवा आणि ‘मोअर’ व ‘मोस्ट’ या दोनच शब्दांवर मागच्या रंगाचा हात फिरवायला सांगा. तो आलाच आहे तर ‘चीपेस्ट’ही बदला. इंग्रजीत वस्तू चीप असते, रेट लो असतो. शिवाय ‘चीप’ला हलक्या मालाचा वास येतो. ‘लोएस्ट रेट’ लिहा. ‘चीपेस्ट’ची अक्षरं आठ, ‘लोएस्ट’ची सहा, पेंटर अक्षरावर पैसे घेत असेल तर तुमचाच फायदा.

आता तुमची मराठी ओळ. ती बरोबर आहे, पण गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतात ‘स्वादु’ म्हणजे गोड, रुचकर आणि ‘स्वादिष्ठ’ म्हणजे सगळ्यात गोड. तो ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ई-एस-टी एकाच मूळ घराण्यातले आहेत. ‘स्वादु’ आणि ‘स्वीट’सुद्धा नात्यातलेच. म्हणजे ‘स्वादिष्ट’ हा शब्द ‘स्वीटेस्ट’चा सख्खा चुलतभाऊ. तुमच्या बोर्डावर जुन्या हिशेबानं ‘सर्वात सगळ्यात गोड’ लिहिलंय, तेही झणझणीत सावजी रश्श्याबद्दल! पण मराठी तो ‘इष्ठ’ कधीच विसरली, आपण ‘सर्वश्रेष्ठ’ही बिनदिक्कत म्हणतो, म्हणून ओळ तशीच राहू द्या. इंग्रजीनंही असली दुहेरी रूपं वापरली आहेत. चारशे वर्षांपूर्वी चांगले चांगले लेखक ‘मोअर’ लावून वर ई-आरही लावत. आजचा ‘लेसर’ हा त्यातलाच: ‘लेस’ म्हणजे आधीच कमी, त्याला पुन्हा शेपूट. तो टिकला आणि ‘मोअर बेटर’ पडला, कारण पुढे व्याकरणवाल्यांनी त्याला चूक ठरवलं. पोरीच्या पेपरात आज तोच निकाल चालतो.

बाई, चेंज द डिग्रीमध्ये, म्हणजे तुलनेचं वाक्य रूप बदलून लिहायच्या प्रश्नात, माझा एक मार्क नेहमी जातो. ‘एनी’ आणि ‘एनी अदर’मध्ये असा काय फरक आहे?
– दहावीची विद्यार्थिनी, मानेवाडा

हा मार्क माझाही गेला आहे बाळा, आणि तोही शिकवताना. नोकरीचं पहिलंच वर्ष, मे जवळ आलेला, वर्गात वरचा पंखा नुसता आवाज करायचा. मी फळ्यावर ऐटीत लिहिलं: नागपूर इज हॉटर दॅन एनी सिटी इन विदर्भ. शेवटच्या बाकावरचा एक पोट्टा उभा झाला. “बाई, नागपूर विदर्भातच हाये ना?” हो म्हटलं. “मंग नागपूर नागपूरपेक्षाबी गरम कसं काय?” वर्ग हसला. मी खडू हातात धरून वाक्य परत वाचलं आणि कळलं, पोट्टा बरोबर आहे. ‘एनी सिटी इन विदर्भ’ म्हटलं की त्या यादीत नागपूरही येतं. स्वतःला यादीतून बाहेर काढायला ‘अदर’ लागतं. मी ‘अदर’ घुसवून वाक्य नीट केलं, तर दुसरा उठला, त्याचं आजोळ चंद्रपूरचं. “बाई, हे पण खोटं हाये. चंद्रपूर जास्त तापते.” व्याकरण सुधारलं, भूगोल राहिला. तेव्हापासून मी उदाहरणाला ऊन घेत नाही, आकार घेते. त्यावर कोणी भांडत नाही.

विदर्भात सगळ्यात मोठं शहर नागपूर, म्हणून एकच गोष्ट तीन तऱ्हांनी: नागपूर इज द लार्जेस्ट सिटी इन विदर्भ. नागपूर इज लार्जर दॅन एनी अदर सिटी इन विदर्भ. नो अदर सिटी इन विदर्भ इज ॲज लार्ज ॲज नागपूर. शेवटच्या वाक्यात ‘लार्ज’ साधाच राहतो, तिथे ‘लार्जर’ लिहिलंस की मार्क गेला. पहिल्या वाक्यातलं ‘द’ही विसरू नको.

महाराष्ट्र म्हटलं की गणित बदलतं, कारण पुढे मुंबई-पुणे आहेत. तिथे ‘वन ऑफ द लार्जेस्ट सिटीज’. ‘सिटीज’ अनेकवचनी, कारण मोठ्या शहरांच्या घोळक्यातलं एक. याचं दुसरं रूप ‘व्हेरी फ्यू सिटीज इन महाराष्ट्र आर ॲज लार्ज ॲज नागपूर’.

तू विचारलं नाहीस, पण एक चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाखांच्या घरात होती. मुंबई, पुण्यानंतर राज्यात तिसरा नंबर. मराठीत आपण ‘तिसरं मोठं शहर’ म्हणतो आणि मुलं ‘थर्ड बिग सिटी’ लिहितात. इंग्रजीत तिसऱ्या नंबरालाही ई-एस-टीचा मान मिळतो: द थर्ड लार्जेस्ट सिटी.

मॅडम, आम्ही संत्री बाहेर पाठवतो. पेटीवर छापायचं आहे: नागपूर ऑरेंजेस आर स्वीटर दॅन पंजाब. चालेल?
– संत्रा व्यापारी, कळमना

छापू नका. यात तुमची संत्री एका आख्ख्या राज्यापेक्षा गोड झाली. तुम्हाला पंजाबच्या किन्नो संत्र्यांशी तुलना करायची आहे ना? मराठीत तुम्ही ‘पंजाबच्यापेक्षा गोड’ म्हणाल. तो ‘च्या’ महत्त्वाचा, त्याच्यासाठी इंग्रजीत ‘दोज’ येतं: स्वीटर दॅन दोज फ्रॉम पंजाब. पण गिऱ्हाइकाला डिवचण्यात काय हशील? मृग बहाराचा गोड माल असेल तर नुसतं ‘स्वीट’ छापा, पेटी उघडल्यावर पुढचं तो स्वतः ठरवेल. आंबिया बहाराच्या आंबटगोड फळावर मात्र ‘स्वीटेस्ट’ छापण्याचं धाडस करू नका.

कार्यालयात मी ‘ही इज सीनियर दॅन मी’ लिहिलं, साहेबांनी लाल शाईनं ‘दॅन’ खोडलं. का?
– कनिष्ठ लिपिक, सिव्हिल लाइन्स

साहेब बरोबर आहेत. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून आलेले शब्द. तिथून येतानाच ते तुलनावाचक होते, म्हणून त्यांना ना ‘मोअर’ लागतं, ना ‘दॅन’. त्यांच्यापुढे ‘टू’ येतं: सीनियर टू मी. ‘प्रिफर’चंही तसंच, आय प्रिफर टी टू कॉफी. आपले वरिष्ठ आणि कनिष्ठ हे मात्र संस्कृतातले ‘इष्ठ’वाले, म्हणजे सर्वोच्च आणि सर्वांत लहान. तरी प्रत्येक वरिष्ठावर आणखी एक वरिष्ठ बसलेला असतोच, हे तुम्हाला मी काय सांगू?

मुलीच्या बायोडेटात ‘शी इज एल्डर दॅन हर ब्रदर बाय टू इयर्स’ लिहिलं आहे. जावईबापू हसले.
– एक आई, प्रतापनगर

‘एल्डर’पुढे ‘दॅन’ येत नाही. तो घरातल्या नात्याचा शब्द, आपल्या ‘थोरल्या’सारखा: हर एल्डर सिस्टर. दोन वर्षांचा हिशेब मांडायचा तर ‘ओल्डर’ घ्या: शी इज टू इयर्स ओल्डर दॅन हर ब्रदर. आणि ताई, मुलीच्या बायोडेटात भावाचं वय कशाला? ‘वन यंगर ब्रदर’ लिहा, तेवढं पुरतं.