१२ टीबीच्या सर्व्हरवर व्हॉल्यूम ग्रुप बनवताना एक्स्टेंट साइज किती ठेवावी?

प्रश्न असा आहे: सातपूरच्या कारखान्यात नवा लिनक्स सर्व्हर आलाय. २ टीबीच्या ८ डिस्क, कंट्रोलरवर रेड ६ (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकवणारी मांडणी), म्हणजे हाती १२ टीबी. त्यावर एलव्हीएम टाकायचंय, म्हणजे सगळी जागा एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घेऊन तिचे हवे तसे भाग, लॉजिकल व्हॉल्यूम, पाडायचेत. साहेब म्हणतात, ४ एमबीचा एक्स्टेंट (जागा वाटायचा सर्वात लहान तुकडा) ठेवलास तर एकही लॉजिकल व्हॉल्यूम २५६ जीबीच्या वर जाणार नाही, म्हणून ३२ किंवा ६४ ठेव.

साहेब चुकीचं सांगत नाहीत, फक्त जुनं सांगताहेत. एलव्हीएमच्या पहिल्या आवृत्तीत एका लॉजिकल व्हॉल्यूममध्ये साधारण ६५ हजार एक्स्टेंटच मावायचे. ६५ हजार गुणिले ४ एमबी म्हणजे २५६ जीबी. त्या काळात ज्यांनी सर्व्हर सांभाळले त्यांच्या डोक्यात हा आकडा पक्का बसलाय. २००३ च्या अखेरीला २.६ कर्नल आलं, सोबत एलव्हीएम २ रुळलं आणि ती मर्यादा गेली. आज तुम्ही व्हीजीक्रिएट (व्हॉल्यूम ग्रुप बनवायची कमांड) चालवाल तेव्हा एलव्हीएम २ च वापरत असाल. तेव्हा २५६ जीबीची भीती मनातून काढा.

दुसरी शंका बहुतेकांना येते ती अशी, की १२ टीबीचे ४ एमबीचे तुकडे म्हणजे २८ लाखांच्या वर एक्स्टेंट, मग सर्व्हर हळू होणार नाही का? नाही होत. एलव्हीएम प्रत्येक एक्स्टेंटची वेगळी नोंद ठेवत नाही. ‘अमुक क्रमांकापासून सलग इतके’ अशी नोंद ठेवतं. सलग जागेत बसलेला ५ टीबीचा व्हॉल्यूम मेटाडेटात, म्हणजे एलव्हीएमच्या स्वतःच्या नोंदींत, एका तुकड्यात संपतो. एक्स्टेंटची संख्या अफाट वाढली तर एलव्हीएमच्या कमांड थोड्या रेंगाळतात, पण डिस्कवरचं वाचणं-लिहिणं त्याने बदलत नाही. वेगाशी संबंध असतो तो स्ट्राइप साइजचा (एका डिस्कवर सलग किती लिहून पुढच्या डिस्कवर जायचं), किंवा थिन पूल (जागा लागेल तशी देणारा साठा) आणि स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) यांच्या चंक साइजचा. नावं जवळजवळची वाटतात म्हणून लोक गल्लत करतात.

मग ‘मोठा ठेवायला काय जातं’ असं वाटेल. मलाही वाटलं होतं. अंबडच्या एका कारखान्यात मी शहाणपणा करून १ जीबीचा एक्स्टेंट ठेवला. आकडे गोल दिसायचे, छान वाटायचं. पुढे तिथे एलव्हीएमचाच रेड १ (तोच डेटा दोन डिस्कवर) वापरून काही बारके व्हॉल्यूम करायची वेळ आली. ५०० एमबी मागितले की १ जीबी मिळायचा, कारण अर्धा एक्स्टेंट देता येत नाही. वर रेडच्या प्रत्येक बाजूला मेटाडेटासाठी एक छोटा व्हॉल्यूम लागतो, आणि तोही किमान एक एक्स्टेंटचा. दोन डिस्क धरून ५०० एमबीच्या कामाला ४ जीबी गेले. असे सहा व्हॉल्यूम होते. शेवटी सुट्टीच्या दिवशी बॅकअप घेऊन सगळा ग्रुप पुन्हा बांधला. दुपारी मिसळसुद्धा सर्व्हर रूमच्या दारात उभं राहून खाल्ली.

म्हणून कोणी विचारलं तर मी एरवी ‘४ एमबी राहू दे, हात लावू नको’ असंच सांगतो. पण तुमच्या बाबतीत तसं सांगणार नाही, कारण तुमच्या ८ डिस्क रेड ६ मध्ये आहेत. दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशोबाला) जाते, डेटाला उरतात ६. या ६ मुळे गोष्ट बदलते.

आपल्याकडच्या माणसाला हे द्राक्षाच्या पॅकहाऊसवरून पटकन कळेल. दिंडोरीकडे एका ठिकाणी मी सर्व्हर बघायला जायचो, तिथे पॅलेटवर पेट्या थरावर थर रचायचे. समजा एका थरात सहा पेट्या बसतात. एका व्यापाऱ्याचा माल थराच्या सुरुवातीपासून रचला तर अख्खे थर त्याचेच. पण मधूनच, चौथ्या पेटीपासून सुरू केला, तर त्याचा सहा पेट्यांचा प्रत्येक लॉट दोन थरांत विभागला जातो आणि काढताना-ठेवताना दोन्ही थर हलवावे लागतात. रेड ६ मध्ये थर म्हणजे डेटाच्या सहाही डिस्कवरचा एकेक तुकडा; तो अर्धवट लिहिला की कंट्रोलरला आधी जुना डेटा किंवा जुनी पॅरिटी वाचावी लागते, नवी पॅरिटी काढावी लागते, मग लिहावं लागतं. अख्खा थर एका दमात लिहिला तर हे आधीचं वाचणं टळतं.

आता हिशोब. कंट्रोलरवर एका डिस्कवरच्या तुकड्याची, म्हणजे स्ट्रिपची साइज बघा. समजा २५६ केबी आहे. सहा डिस्कचा पूर्ण थर १,५३६ केबी, म्हणजे दीड एमबी. दीडने ४ ला पूर्ण भाग जात नाही. पहिला व्हॉल्यूम कदाचित थरावर सुरू होईल, पुढचे थराच्या मधून सुरू होण्याची शक्यता जास्त. ८, १६, ३२, साहेबांचे ६४, कुठलाही दोनाचा घात घ्या, तीनाने भाग जातच नाही. मोठा एक्स्टेंट घेऊन हा प्रश्न सुटत नाही तो यामुळे.

एक्स्टेंट दोनाच्या घातातच हवा असं नाही, हे मला स्वतःला बरंच उशिरा कळलं. एलव्हीएम २ मध्ये १२८ केबीच्या पटीतला कुठलाही आकडा चालतो. तुम्ही ६ एमबी घ्या. त्यात दीड एमबीचे थर बरोबर चार बसतात. स्ट्रिप ६४ किंवा १२८ केबीची निघाली तरी ६ एमबीच चालतो. सोबत पीव्हीक्रिएट करताना (डिस्क एलव्हीएमला सोपवताना) डेटाअलाइनमेंट, म्हणजे डेटा कितीच्या पटीवर सुरू व्हावा ते, १५३६ केबी द्या, नाहीतर डेटाची सुरुवात नेहमीप्रमाणे १ एमबीवर होईल आणि पहिला थरच चुकेल. वर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम बनवताना त्यालाही एसयू (स्ट्रिपची साइज) २५६ केबी आणि एसडब्ल्यू (डेटाच्या डिस्क) ६ असं सांगा. कंट्रोलर आभासी डिस्क दाखवत असेल तर फाइल सिस्टिमला खालची मांडणी आपोआप कळेलच याची खात्री नसते.

फरक किती पडेल? डेटाबेस किंवा सतत मोठ्या फाइल लिहिणारं काम असेल तर पडेल. टॅलीचा बॅकअप आणि ऑफिसच्या फाइलच ठेवायच्या असतील तर बॅटरीवाला कॅशे असलेला कंट्रोलर बरंच झाकून नेतो, तुम्हाला जाणवणारही नाही. पण सर्व्हर अजून रिकामा आहे तर हे करायला पाचच मिनिटं लागतात. नंतर व्हीजीचेंजने एक्स्टेंट बदलता येतो, पण आधीचे सगळे व्हॉल्यूम नव्या आकड्याच्या सीमेवर बसत असतील तरच, आणि ४ वरून ६ वर जाताना ते बसतीलच असं नाही.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. सगळी जागा पहिल्याच दिवशी १०० टक्के फ्री म्हणून एका व्हॉल्यूमला देऊन टाकू नका. एक्सएफएस वाढवता येतं, पण लहान करून जागा परत घ्यायची सोय धरून चालू नका. आज २ टीबी द्या, लागेल तसं एलव्हीएक्स्टेंडने वाढवा.

बांधून झाल्यावर पीव्हीएस कमांडला पीई स्टार्ट (पहिला एक्स्टेंट सुरू होतो ती जागा) दाखवायला सांगा, १.५० एमबी दिसायला हवं. व्हीजीडिस्प्लेमध्ये पीई साइज ६ एमबी दिसेल. एकूण जागा १२ च्या ऐवजी १०.९ च्या आसपास दिसली तर डिस्कवाल्याला फोन करू नका. डिस्कवर हजाराच्या हिशोबाने टीबी छापलेला असतो, एलव्हीएम १०२४ च्या हिशोबाने मोजतं.